डोमाजी मामा अन अटकेल हॉर्न

माह्या मामाचं नाव डोमाजी. अमरावतीत बडनेरा रोडवर कडुलिंबाखाली त्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हनजे चार बल्ल्या, वर टिना, खाली तेलानं कायी झालेली जमीन अन एक लाकडाची पेटी. काम तो सारंच करे, पन हॉर्नचं काम आलं की हातातलं चाक तसंच टाकून उठे. "इंजन गाडीचं पोट आहे व शकुन, हॉर्न गाडीचं तोंड आहे," असं मले सांगे. अकोल्यात कापसाच्या जिनच्या ट्रकवर क्लिनर होता तवापासून त्याले हे याड. अन स्वतःले काही कमी समजे असंही नाई. कोनी म्हनलं, "डोमाजी, तू तर मोठा मिस्तरी झाला गा," तर म्हने, "झालो नाई, होतोच."

खोटं बोलतानी त्याच्या तोंडावरची माशी हालत नसे. सायकलले त्यानं ट्रकचा हॉर्न बसवलता. बॅटरी मांगच्या कॅरिअरवर, सुतळीनं करकचून बांधेल. जवाहर गेटजोळ गर्दीत शिरे अन मांगून देये दाबून. लोक ट्रक आला म्हनून उड्या मारून बाजूले होत, टोपल्या उचलत, पोट्टे ओढत. अन पाहत तर धोतर खोचून माहा मामा हयूहयू पायडल मारत चालला. वरून त्याईलेच म्हने, "सांभाळून चालत जा जी, मांगून मोठी गाडी येऊन राहिली."

माहा बाप मी रांगत होती तवाच गेला. माय भागीरथा लोकाईच्या वावरात कामाले जाये, अन मामा दर बजाराच्या दिवशी त्याच सायकलवर आमच्या गावाले ये. आमचं गाव अमरावतीहून मोर्शीकडे जातानी लागते. मी पाचवीत शाया सोडली तवा मायनं मले झोडपलं. मामानं फक्त इचारलं, "मास्तर खराब होता का बाक?" मी म्हनली, "बाक. बसवतच नाई." "मंग बरोबर आहे," म्हने. असा मानूस. त्याले कोनी नावं ठेवले तर मी आजही पदर खोचतो.

माह्यं लगन जुळलं हिवरखेडच्या सहदेवसंग. सहदेव टपाल वाटे. मुलगी पाहाले आला तवा संग त्याचा मामा पंजाबराव होता. सहदेवले मायबाप नाई, या मामानंच त्याले वाढवलं. पंजाबराव म्हनजे मिशा, फेटा अन आवाज. त्यानं मले इचारलं, "काय व पोरी, सैपाक येते काय?"

मी म्हनली, "येते जी. तुमाले?"

घरात मायनं कपाळ बडवलं ते मले बाहेर आयकू आलं. पंजाबरावच्या मिशा खालीवर झाल्या. अन सहदेव हासला. तोंड दाबून, मुंडी खाली घालून, नाकातून, पन हासला. मी तवाच ठरवलं, लगन करीन तर याच्यासंगच. दुसरा कोनी आला तर त्याले चूल फुकाले लावीन.

लगन ठरलं उन्हायात. दीक्षा घेऊन चार-पाच वर्सं झालती. आमच्या वस्तीनं बसून ठरवलतं, की लगनात हुंडा नाई, दारू नाई, वाजंत्री नाई. पांढरे कपडे, त्रिशरन, पंचशील, जेवन, अन आपापल्या घरी. वस्तीचे म्हातारे नत्थुजी बुवा यात लय कडक. त्याईनं आपल्या पोट्टीच्या लगनात साधी पिपानी वाजू देल्ली नव्हती, म्हनून त्याईच्या तोंडाले कोनी लागत नसे.

आता मोटारीचं सांगतो. लगनाच्या आठवड्यात मी मामाच्या दुकानावर होती, बांगड्या घ्याले गेलती. तर दुरून हॉर्न आयकू आला. थांबायचं नावच नाई. जोळ आला, अजून जोळ आला, अन कडुलिंबाखाली एक जुनी कायी मोटार येऊन उभी राहिली. आतमंदी मोर्शीचे संत्रेवाले रामराव. तोंड लाल, घामानं भिजेल.

"बंद कर गा डोमाजी! मोर्शी नाक्यापासून लोक मले शिव्या देऊन राहिले! एकदा दाबला अन अटकला लेकाचा!"

मामानं इंजनावरचं टोपन उघडलं, हॉर्नची एक तार उपटली. असं शांत झालं की कडुलिंबावरचे कावळे आयकू आले. मंग त्यानं आत वाकून स्टेरिंगच्या मधातली बटनाची टोपी दाबून फिरवली अन काढली. खाली एक बारकी स्प्रिंग असते. बटन दाबलं की तिनं परत वर ढकलाव. ती पार चिकटून बसलती. मामानं टोपीले बोट लावलं, अन बोट चाटलं.

"रामरावजी," म्हने, "औंदाचं संत्रं आंबट आहे."

रामराव गाडी चालवता चालवता संत्रे सोलून खात, अन त्याच हातानं हॉर्न दाबत. रस, धूळ, रस, धूळ, असं करून बटनात चिक्कीच झालती.

"किती वेय लागन?"

"स्प्रिंग गेली जी. अकोल्याहून आनाव लागन. गाडी राहू द्या चार दिवस."

रामराव एस.टी.नं गेले. ते चौकाच्या पलीकडे गेले नसतीन तर मामानं स्प्रिंग घासलेटात धुतली, पॉलिश पेपरनं बटन घासलं. स्प्रिंग खरंच ढिली झालती, तर आपल्या टार्चच्या बुडातली काढून कापून बसवली. दाबलं, पोंक. सोडलं, बंद.

मी म्हनली, "मामा, अकोला तर लय जोळ आलं गा."

तो म्हने, "तुह्या नवरदेवाले फाट्यावरून गावात काय बैलबंडीत आनू? मोटारीत येईन तो."

लगनाच्या दिवशी सकाळी हिवरखेडची मंडळी एस.टी.नं फाट्यावर उतरली. बाकीचे पायी निंघाले, अन सहदेव अन पंजाबराव मोटारीत बसले. मामानं गाडी नेहमीच्या बंडीवाटेनं, गावाच्या मांगून आनली अन मांडवासमोर चिंचेखाली उभी केली. माय तांब्या घेऊन पुढं झाली. आमच्या इकडे नवरदेव आपून होऊन उतरत नाई, त्याच्या मामानं हात धरून उतरवाव लागते. पंजाबरावनं हात काही धरला नाई. त्यानं मांडवाकडे पाह्यलं, इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं.

"वाजा कुठी आहे?"

माय म्हनली, "वाजा नाई जी भाऊ. वस्तीचा ठराव आहे ना."

"ठराव तुमचा. भाच्चं माह्यं आहे. वाजा आल्याबिगर हा पाय खाली पडनार नाई."

झालं. माय शरबत घेऊन गेली, त्यानं तोंड फिरवलं. नत्थुजी बुवा काठी टेकवत गेले अन म्हनले, "पंजाबरावजी, आमी ठरवलं ते ठरवलं." पंजाबराव म्हने, "मीही ठरवलं ते ठरवलं." अन फेटा सारखा करून मांगच्या सीटवर असा बसला जशी गाडी त्याच्या बापाची. हिवरखेडचे लोक मांडवात याच्या ऐवजी चिंचेखालीच बसकन मारू लागले. पोया थंड होऊन राहिल्या, वांग्याच्या भाजीवर माशा.

मी घरात पांढरं लुगडं नेसून बसेल होती. बाया म्हनत, नवरीनं बाहेर जाव नाई. मले बसवतच नाई तर मी काय करू? खिडकीतून पाह्यलं. सहदेव पंजाबरावच्या बाजूले बसेल, घामानं पांढरा सदरा अंगाले चिकटेल. तो पंजाबरावच्या शब्दाबाहेर जाईन असं वाटत नव्हतं. जाव बी कसं? ज्यानं खाऊ घातलं त्याच्या. पंजाबरावनं "चाल वापस" म्हनलं असतं तर तो उठून गेला असता, अन माह्यं लगन तिथीच मोडलं असतं. मी उठली अन मांगच्या दारानं निंघून गाडीच्या मांगं मामाजोळ गेली.

"मामा, काही कर. नाई तर मीच जातो अन त्याले बोलतो."

"तू नको बोलू माय! तू बोलली की मोडलंच समज," मामा म्हने. तो बिडी ओढून राहिलता. बिडी संपवली, थोटुक पायानं चिरडलं. "तू फक्त त्या बाजूले उभी राह्य, मले दिसशीन अशी. तो सीटवरून उठला की कानाले हात लाव. बसला की खाली घे."

"काहून?"

"हॉर्न दुरुस्त करतो."

"दुरुस्त तर आहे ना!"

"म्हनूनच."

मामा तोंड पाडून गाडीजोळ गेला. "पंजाबरावजी, बसा, बसा, उठू नका. हॉर्नचं जरासं पाहू द्या." आत वाकून टोपी काढली, स्प्रिंग खिशात टाकली, टोपी तशीच दाबून बसवली. पोंऽऽऽऽऽ! सुरू झाला तो थांबेच ना. चिंचेवरचे पाखरं उडाले. वस्तीतले सारे पोट्टे धावत आले अन गाडीभोवती नाचाले लागले. पंजाबरावनं कानात बोटं घातले.

"बंद कर!"

मामानं टोपन उघडलं. आता तो टोपनाच्या आड, त्याले गाडीतलं काही दिसे ना, पन मी दिसो. उगीच पान्यानं ठोकठाक केली. मंग डोकं बाहेर काढून वरडला, "वजनानं होऊन राहिलं जी! सीटखालून तार गेली आहे! वजन पडलं की लागते!"

"मंग सहदेवचं वजन नाई का?"

"पोट्टं हलकं आहे जी! त्याचं चालते!"

पंजाबरावले खरं वाटलं नाई. पन मानूस पाहून तर पाहतेच. तो सीटवरून अर्धा उठला. मी कानाले हात लावला. मामानं तार उपटली. हॉर्न बंद.

पंजाबराव हयूच बसला. मी हात खाली घेतला. पोंऽऽऽऽऽ!

उठला. बंद. बसला. पोंऽऽऽ! मंग तो तसाच अधांतरी राह्यला, फेटा गाडीच्या छताले टेकेल, मांड्या थरथरून राहिल्या. सारी वस्ती श्वास धरून पाहून राहिली. हिवरखेडची मंडळीही उठून जोळ आली. पंजाबरावनं जरासंच बूड टेकवलं, एका बाजूनं. मी हात अर्धाच खाली घेतला. मामानं काय करावं, तार जराशी लावली, तर हॉर्न उचकी लागल्यावानी पों-पों-पों करे. लोक पोट धरून हासाले लागले. बाया पदर तोंडाले लावून. नत्थुजी बुवाही काठीवर वाकून हासले. अन सहदेव, तो तर नाकातून सुरू झाला अन थांबेच ना, हॉर्नावानी.

मलेही हासू आलं. तिथीच चुकलं. मी हासली अन हात हालला, अन पंजाबरावनं नेमकं माह्याकडे पाह्यलं. हात वर, हॉर्न बंद. हात खाली, पोंऽऽऽ! त्याले समजलं.

"पोट्टी इशारे करून राहिली!"

हासनं एकदम थांबलं. मामानं तार उपटली. पंजाबराव सीटवर बसला, अन आता त्याचा आवाज मोठा नव्हता. त्याचंच मले भेव वाटलं.

"मस्करी झाली ना? झाली. सहदेव, बस नीट. मिस्तरी, टोपन लाव अन आमाले फाट्यावर सोड."

सहदेवनं माह्याकडे पाह्यलं. त्याचं तोंड राखेवानी झालतं. मी म्हनली, "मामाजी, चूक माही. मले शिव्या द्या. पन त्याले नेऊ नका."

"शिव्या नाई देत," पंजाबराव म्हने. "आयक. माह्या लगनात सासुरवाडीच्या गाववाल्या मोठ्या लोकाईनं मले गावच्या रस्त्यानं वाजवत जाऊ देल्लं नाई. मांगच्या नाल्यानं नेलं, चोरावानी. वाजंत्रीवाल्याईनं पिपान्या झोयीत घालून ठेवल्या. त्या दिवशी मी म्हनलं, मले पोट्टं झालं तर वाजवत नेईन, गावाच्या मधातून नेईन. पोट्टं झालं नाई. हे भाच्चं आहे. अन आज तुमी मले कोन्त्या रस्त्यानं आनलं? मांगच्यानंच ना?"

खरं होतं. आमाले कोनी अडवलं नव्हतं. आमी सारेच त्याच बंडीवाटेनं येत-जात होतो, सवयीनं. माह्या मामानं मोटार आनली, पन तीही सवयीनं तिथूनच वळवली. त्याच्या डोक्यातच आलं नाई, की दुसराही रस्ता आहे.

मामा टोपनाजोळ उभा. त्यानं हात धोतराले पुसले. मी त्याचं तोंड असं कधी पाह्यलं नव्हतं, त्यावर माशी असती तर उडाली असती. मंग तो नत्थुजी बुवाकडे वळला.

"बुवा, ठरावात वाजा नाई म्हनलं आहे. हॉर्न म्हनलं आहे का?"

नत्थुजी बुवानं इचार केला. काठीनं मातीत एक रेघ काढली, पुसली. "हॉर्न म्हनजे वाजा नाई," म्हने. "हॉर्न म्हनजे... रस्त्याचा कायदा."

मामानं तार जोडली, टोपन धाडकन लावलं. पोंऽऽऽऽऽ! "बसा जी पंजाबरावजी!" वरडला. मी धावत गेली अन पुढचं दार उघडून मामाच्या बाजूले बसली. बाया किंचाळल्या, "शकुन! नवरी आहे व तू!" नवरी आपल्याच वरातीत बसते का? बसली मी. गाडीत मी, मामा, सहदेव, पंजाबराव, मांगून सारी वस्ती अन हिवरखेडची मंडळी, अन पुढं नाचनारे पोट्टे.

मामानं गाडी बंडीवाटेनं काढली अन गावाच्या मोठ्या रस्त्यावर घातली. हयूहयू, मानसाच्या चालीनं. दुकानातले लोक बाहेर आले. न्हाव्यानं अर्धी दाढी सोडली, तो दाढीवालाही साबन घेऊन दारात. पारावर केशवराव पाटील बसेल होते. ते उठले, कमरेवर हात ठेवून मधात आले. मामानं ब्रेक दाबला.

"काय गा डोमाजी, हे काय लावलं?"

मामानं खिडकीतून डोकं काढलं. तोंड रडवेलं. "हॉर्न अटकला जी पाटील! बंदच होऊन नाई राहिला!"

"मंग बंद कर ना!"

"त्याच्यासाठीच फिरून राहिलो जी! गाडी हालत राह्यली की सुटते कधी कधी!"

पाटलानं गाडीत पाह्यलं. मी पांढऱ्या लुगड्यात. सहदेव फुलाच्या हारात. पंजाबराव फेट्यात, छाती काढून, सरळ समोर पाहत, त्याच्या डोयातून पानी चाललतं अन ते तो पुसत नव्हता. पाटलाले समजलं का नाई, मले नाई माहीत. त्याईनं कानावर हात ठेवले अन पारावर जाऊन बसले.

पार गेला, चौक गेला, गाव संपलं. पंजाबराव मांगून मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हने, "मिस्तरी, सुटला काय?"

"नाई जी."

"मंग अजून एक फेरी मारा लागन."

मारली. तिसरी चालू होती तवा हॉर्न बैलाचा बकरी झाला, बकरीचा मच्छर झाला, अन समोरून धूर निंघाला. मांडवापुढं येता येता फुस्स झालं. हॉर्नच्या आतली तारेची गुंडाळी जयली होती. पंजाबरावनं सहदेवचा हात धरला, पाय खाली ठेवला, अन त्याले मांडवात नेलं.

नत्थुजी बुवानं त्रिशरन सुरू केलं, पन आमच्या कानात अजून पोंच वाजून राहिलतं. सहदेव म्हने, "काय?" मी म्हनली, "काय?" नत्थुजी बुवा वरडले. मंग आमीही वरडलो. पंचशील सारं वरडून झालं. पंजाबरावनं माह्या डोक्यावर हात ठेवून इतक्या मोठ्यानं आशीर्वाद देल्ला, की दूर बांधेल बैलानं मान वर केली.

मामाही आशीर्वाद द्याले माह्या मांगं उभा. त्याच्या हातावर कायं तेल, हॉर्नचा धूर. माय चिडून म्हनली, "डोमाजी, पोरीचं लुगडं पांढरं आहे, आधी हात धुऊन ये!"

मामानं तोच हात कानाले लावला. "आयकू नाई आलं व," म्हने.